टाकी धुतल्यावरच मासे का मरतात?

वाचकाचे पत्र: आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी आहे. ती दोन महिन्यांपूर्वी सुरू केली. सध्या तीत आठ गप्पी, चार मॉली आणि दोन लहान गोल्डफिश आहेत. स्वच्छतेत कसूर नको म्हणून दर रविवारी मी टाकी पूर्ण रिकामी करतो, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतो आणि नळाचे ताजे पाणी भरतो. तरीही मंगळवार-बुधवारपर्यंत पाणी दुधाळ होते, मासे वर येऊन तोंडाची उघडमीट करतात आणि एखाद-दुसरा मरतो. रात्री आवाजामुळे झोप लागत नाही म्हणून फिल्टर बंद ठेवावा लागतो. एका परिचिताने पाण्यात रोज निळे औषध टाकायला सांगितले आहे. गेल्या आठवड्यात गप्पीला पिल्ले झाली, त्यांच्यासाठी ट्युबिफेक्स किंवा डासांच्या अळ्या आणाव्यात का? पाण्यात कोणते औषध टाकावे आणि जिवंत खाद्य कोणते द्यावे, हे कृपया सांगावे.

उत्तर:

आपण औषध विचारले आहे, पण आपल्या माशांना या घडीला कोणत्याही औषधाची गरज नाही. आपण दिलेल्या वर्णनावरून मासे रोगाने मरत नसून रविवारच्या धुण्याने मरत आहेत, असे मला स्पष्ट दिसते. हे वाचून वाईट वाटेल, कारण आपण हे सारे माशांच्या काळजीपोटीच करत आहात. पण कारण इतके स्पष्ट असणे ही चांगली गोष्ट आहे, कारण ते आपल्या हातात आहे आणि येत्या रविवारपासूनच थांबवता येते.

मासा खातो, ते अन्न शरीरात पचते आणि त्यातील प्रथिनांचा उरलेला नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. न खाल्लेले खाद्य, विष्ठा आणि कुजणारी पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असते. पन्नास-साठ लिटरच्या टाकीत हा अमोनिया कुठे जाणार? तो जातो जिवाणूंच्या पोटात. नायट्रोसोमोनास आणि त्याच्या जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरासारखे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे तुलनेने सौम्य असल्यामुळे पाणी बदलून किंवा वनस्पती लावून आटोक्यात ठेवता येते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजाच्या छिद्रांत, खड्यांच्या पृष्ठभागावर आणि काचेवर पातळ, किंचित बुळबुळीत थर करून राहतात. तो थर म्हणजेच आपण दर रविवारी घाण समजून धुऊन टाकता ती वस्तू. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो आणि त्याला हे जिवाणू उपयोगी आहेत की अपायकारक, हे कळत नाही. हे जिवाणू वाढतातही अगदी सावकाश, त्यामुळे नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपली टाकी दोन महिन्यांची असली तरी जिवाणूंच्या हिशेबाने ती दर सोमवारी पुन्हा पहिल्या दिवशीच येते.

मंगळवार-बुधवारचा हिशेब आता जुळतो. रविवारी जिवाणू गेले, मासे मात्र तितकेच राहिले आणि खातही राहिले, त्यामुळे दोन-तीन दिवसांत अमोनिया साचला. पाणी दुधाळ होते ते वेगळ्या, कुजका पदार्थ खाणाऱ्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंमुळे, आणि ते वाढताना पाण्यातला प्राणवायू भराभर वापरतात. अमोनियामुळे कल्ल्यांना इजा होते. पुढची पायरी नायट्राइटची. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, रक्ताचा रंगही तपकिरीकडे झुकतो. पाण्यात प्राणवायू असूनही मासा वर येऊन तोंड उघडतो तो यामुळे. आपल्या टाकीत यांपैकी बहुधा एकापेक्षा अधिक कारणे एकाच वेळी घडत असावीत.

अमोनिया किती घातक, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, आणि तापमानावर ठरते, आणि हा मुद्दा पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. पाण्यातील अमोनियाचा काही भाग विषारी वायुरूपात आणि उरलेला तुलनेने निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. सामू 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट होतो. त्यामुळे चाचणीत एकच आकडा आला तरी एका घरातले मासे ठीक राहतात आणि दुसऱ्या घरातले मरतात. तापमान वाढले की विषारी भाग वाढतो आणि शिवाय प्राणवायू कमी होतो: 25 अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना सुमारे 7.5 मिलिग्रॅम.

रात्री फिल्टर बंद ठेवणे हे दुसरे मोठे कारण आहे. स्पंजातल्या जिवाणूंना सतत वाहते, प्राणवायूयुक्त पाणी लागते. प्रवाह काही तास थांबला की ते उपासमारीपेक्षा गुदमरूनच अधिक मरतात. त्यातच रात्री टाकीतल्या वनस्पतीही प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. आवाजाचा त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय आहेत: हवेचा पंप जाड स्पंजाच्या तुकड्यावर ठेवा, भिंतीला किंवा लाकडी फळीला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका, नळीला नियंत्रक खटका लावून हवा कमी करा. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत उलट प्रवाह रोखणारी झडप बसवावी, म्हणजे वीज गेल्यास पाणी नळीतून पंपात उतरणार नाही. फिल्टर चोवीस तास चालला पाहिजे, यात तडजोड नाही.

आता तातडीने काय करावे, ते पाहू. पूर्ण पाणी बदलणे आणि खडे धुणे आजपासून थांबवा. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे चाचणी संच मिळतात, ते आणा. या टाकीसाठी कोणत्याही औषधापेक्षा ती खरेदी अधिक उपयोगाची ठरेल. मोठ्या माशांना दोन दिवस खाद्य देऊ नका, त्यांना काही होत नाही. आपल्या टाकीचे माप पाहता ती काठोकाठ सुमारे 70 लिटरची आहे, पण खडे आणि वरची मोकळी जागा वजा करता तीत प्रत्यक्ष पाणी 55 लिटरच्या आसपास असेल. पाण्यात काहीही घालायचे झाल्यास मात्रा नेहमी या प्रत्यक्ष पाण्यावर काढावी. पुढे रोज त्यातील पाव भाग, म्हणजे 14 लिटरच्या आसपास, उपसून तेवढेच तयार केलेले पाणी हळूहळू भरा, आणि अमोनिया व नायट्राइट हे दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य येईपर्यंत हे चालू ठेवा. नायट्राइट दिसत असेल तर दर लिटरला 1 ग्रॅम साधे मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन-तीन वेळांत विभागून घालता येते, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. गप्पी, मॉली आणि गोल्डफिश इतके मीठ सहज सोसतात; काही नाजूक पाणवनस्पतींना मात्र ते मानवत नाही. मीठ बाष्पीभवनाने उडून जात नाही, म्हणून नंतर फक्त बदललेल्या पाण्यापुरतेच घालावे. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज ओलाच आणून आपल्या फिल्टरला जोडा. जिवाणूंची वस्ती वसवण्याचा याहून जलद मार्ग मला माहीत नाही.

पाणी तयार करणे म्हणजे काय, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. नळाच्या पाण्यात साधा क्लोरीन असेल तर ते पाणी रुंद तोंडाच्या बादलीत किंवा पिंपात चोवीस तास उघडे ठेवल्याने, आणि त्यात हवेचा दगड, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, सोडल्यास त्याहूनही लवकर, क्लोरीन निघून जातो. मात्र अनेक ठिकाणी आता क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग, आणि ते मुद्दाम टिकाऊ असल्यामुळे एक-दोन दिवस पाणी ठेवून जात नाही. आपल्याकडे काय आहे हे पाणीपुरवठा करणाऱ्या कार्यालयात विचारता येते. ते शक्य नसेल तर दिवसभर हवा दिलेल्या पाण्याची एकूण क्लोरीनची चाचणी घ्या, आणि तरीही रंग उमटला तर क्लोरामाइन आहे असे समजा. दोन्हींवर सोडियम थायोसल्फेट चालते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक क्लोरीननाशक द्रावणांत मुख्यतः तेच असते. 1 मिलिग्रॅम क्लोरीनसाठी त्याचे साधारण 7 मिलिग्रॅम स्फटिक लागतात. 10 ग्रॅम स्फटिक 1 लिटर पाण्यात विरघळवून ठेवले, तर दर लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या 10 लिटर पाण्याला या द्रावणाचे 7 मिलिलिटर पुरतात, आणि थोडे अधिक पडले तरी अपाय होत नाही. क्लोरामाइनच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: थायोसल्फेटने त्यातला क्लोरीन निष्प्रभ होतो, पण अमोनिया सुटा होऊन पाण्यातच राहतो. फिल्टर पक्व असेल, म्हणजे त्यात जिवाणूंची पुरेशी वस्ती झालेली असेल, तर त्याला तेवढा अमोनिया पचतो. आपल्या सध्याच्या टाकीत तो पचणार नाही, म्हणून तूर्त अमोनियाही बांधून ठेवणारे द्रावण घेणे शहाणपणाचे ठरेल.

भरायचे पाणी टाकीतल्या पाण्याच्या तापमानाशी एक-दोन अंशांच्या आत जुळले पाहिजे. हाताने अंदाज घेण्यापेक्षा साधा तापमापक वापरावा. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरीन नसतो, म्हणून ते थेट चालेल असा समज आहे, पण खोलवरून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, त्यामुळे त्यालाही रात्रभर हवा देऊनच वापरावे. घरातल्या आरओ यंत्राचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून केवळ तेच भरण्याचा मोह टाळा. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि गप्पी-मॉलींना तर काहीसे जड पाणीच मानवते. शिवाय जिवाणू जेव्हा अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा पाण्यातली क्षारता, म्हणजे सामू घसरू न देण्याची पाण्याची क्षमता, खर्च होत जाते. ती मुळातच नसेल तर सामू एके दिवशी एकदम घसरतो आणि तो 6च्या खाली गेला की जिवाणूंचे कामही जवळजवळ थांबते. गढूळपणा घालवण्यासाठी तुरटी फिरवू नये, कारण तीही क्षारता खाते आणि सामू खाली आणते.

निळे औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू असावे. अंड्यांवरील बुरशीसाठी किंवा वेगळ्या उपचार-भांड्यात त्याचा उपयोग आहे, परंतु ते मुख्य टाकीत रोज टाकल्यास आपण जे जिवाणू वसवू पाहत आहोत तेच मरतील. परिचितांचा हेतू चांगला असला तरी हा सल्ला पाळू नये.

आकडे स्थिरावल्यावर नेहमीचा क्रम सोपा आहे. आठवड्यातून एकदा पाचवा ते चौथा हिस्सा पाणी बदला, ते उपसताना नळीचे टोक खड्यांत फिरवून तळाचा गाळ ओढून घ्या, आणि काच आतून कोरड्या, साबण न लागलेल्या स्पंजाने पुसा. फिल्टरचा स्पंज प्रवाह मंदावला तरच काढा आणि टाकीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा. तो पिळल्यावरही तपकिरी दिसेल, आणि तसाच दिसला पाहिजे. नायट्रेट दर लिटरला 40 मिलिग्रॅमच्या खाली राहील इतपत पाणी बदलत राहावे. मासे जास्त असतील तर अधिक बदलावे लागेल.

इथपर्यंतचे सारे लिहिल्याशिवाय मी जिवंत खाद्याकडे वळलो नाही, कारण टाकीत पाणी आणि खाद्य हे दोन वेगळे विषय नसतात. 1850च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिली, तेव्हा त्याला आढळले की वनस्पती प्राणवायू देत असली तरी तिची कुजणारी पाने पाणी बिघडवतात. त्याने त्यात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांच्या खाण्यात आली. पाणी राखणारा जीवच खाद्यही पुरवतो, हे घरगुती मत्स्यपालनाच्या अगदी आरंभी दिसून आले होते, आणि जिवंत खाद्य निवडताना मी आजही हीच कसोटी लावतो: हे खाद्य माझे पाणी बिघडवील की नाही?

त्या कसोटीवर ट्युबिफेक्स बसत नाही. हे लाल, केसासारखे बारीक किडे सेंद्रिय गाळात, बहुधा सांडपाण्याच्या चिखलात वाढतात आणि तिथले जंतू पोटात व अंगावर घेऊन येतात. काही परजीवींचे ते मधले यजमान असतात. ट्राउट माशांना गरगर फिरायला लावणारा जो रोग आहे, त्याचा परजीवी आयुष्याचा एक टप्पा ट्युबिफेक्समध्येच काढतो. विकत आणलेले किडे दोन-तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवून, मेलेले वेचून काढून देणारे जाणकार आहेत, पण नुकत्या सावरणाऱ्या टाकीत मी तो धोका पत्करणार नाही. खड्यांत शिरलेले ट्युबिफेक्स तिथेच मरून कुजतात, हे आणखी एक कारण.

डासांच्या अळ्या माशांना अतिशय आवडतात आणि पौष्टिकही असतात, तरीही घरात त्या वाढवू नयेत, असे मी ठामपणे सांगतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. एक दिवस अळ्या काढायच्या राहिल्या की घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याशी खेळ होतो. ब्लडवर्म, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या लाल अळ्या, गोठवलेल्या वड्यांच्या रूपात मिळतात आणि मोठ्या माशांना आठवड्यातून एखाद्या वेळी द्यायला चांगल्या असतात. काही माणसांना त्यांची ॲलर्जी असते. शिंका, डोळ्यांना खाज किंवा अंगावर पुरळ येत असेल तर त्यांना हात लावू नये आणि सुकवलेल्यांची भुकटी हुंगली जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

आपल्या पिल्लांसाठी मी आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्ले सुचवतो. आर्टेमिया हे खाऱ्या सरोवरांतले सूक्ष्म कवचधारी जीव. त्यांची टणक कवचाची अंडी कोरड्या अवस्थेत वर्षानुवर्षे टिकतात आणि खारट पाणी मिळताच फुटतात. एक लिटरची प्लास्टिकची बाटली तळ कापून उलटी टांगा, तीत क्लोरीनमुक्त पाणी भरून 25 ते 30 ग्रॅम मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, म्हणजे सामू 8च्या वर राहील. खालच्या निमुळत्या टोकापर्यंत हवेची नळी सोडून अंडी सतत ढवळत राहतील असे पाहा, आणि बाटलीवर दिव्याचा उजेड राहू द्या. तापमान 27-28 अंश असेल तर चोवीस तासांच्या आसपास केशरी रंगाची, अर्ध्या मिलिमीटरहून लहान पिल्ले दिसू लागतात. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम अंड्यांतून दोन लाखांहून अधिक पिल्ले निघतात, त्यामुळे आपल्याला चिमूटभर अंडी पुष्कळ झाली. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की रिकामी कवचे वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि पिल्ले उजेडाकडे गोळा होतात. दिवा बाजूला, तळापासून थोडा वर धरून तिथली पिल्ले नळीने ओढून घ्यावीत, दाट विणीच्या कापडातून गाळावीत आणि गोड्या पाण्याने धुवावीत. कवचे माशांच्या पिल्लांच्या आतड्यात अडकू शकतात, म्हणून हे वेगळे करणे कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये.

आर्टेमियाच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. जन्मल्यावर पहिले काही तास ती काहीच खात नाहीत, पोटातल्या बलकावर जगतात, आणि तो बलक हेच आपल्या पिल्लांचे खरे पोषण असते. उष्ण पाण्यात आठ-दहा तासांत ती कात टाकून पुढच्या अवस्थेत जातात. तोवर बलक बराच संपलेला असतो. म्हणून फुटताक्षणी, त्याच दिवशी खाऊ घालावीत. गोड्या पाण्यात ती काही तासच जिवंत राहतात आणि मग मरून अमोनियाची भर घालतात, त्यामुळे पिल्लांची पोटे केशरी दिसली की थांबावे. गप्पीची पिल्ले जन्मतःच बरीच मोठी असल्यामुळे त्यांना हे खाद्य पहिल्या दिवसापासून खाता येते. अंडी घालणाऱ्या माशांच्या सुईसारख्या बारीक पिल्लांना आधी काही दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले अतिसूक्ष्म जीव, लागतो, पण आपल्याला त्या खटाटोपाची आवश्यकता नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कुस्करण्याचा सल्लाही आपल्याला कोणी तरी देईल. लहान भांड्यात तो इतक्या वेगाने कुजतो की मी तो कधीच सुचवत नाही.

मोठ्या माशांसाठी आणि पिल्ले जरा वाढल्यावर त्यांच्यासाठीही माझी पहिली पसंती मोइनाला आहे. मोइना ही डॅफ्नियाची, म्हणजे पाणपिसूची, लहान भावंडे. पूर्ण वाढलेली जेमतेम एक मिलिमीटरची होते आणि उष्ण पाणी डॅफ्नियापेक्षा अधिक सोसते. ती गोड्या पाण्यातली असल्यामुळे न खाल्लेली मोइना टाकीत मरत नाही, उलट पाण्यातले सूक्ष्म शेवाळ आणि जिवाणू गाळून खात पोहत राहते. वॉरिंग्टनच्या गोगलगायींप्रमाणे ती पाण्यालाही उपयोगी पडते. तिचे कवच माशांच्या पचनाला चोथा पुरवते. वाढवायला वीस लिटरचे एखादे भांडे पुरे. टाकीतून उपसलेले जुने पाणी त्यात भरून उन्हाच्या जागी ठेवले की काही दिवसांत हिरवे होते, त्या हिरव्या पाण्यात मोइना सोडावी. शेवाळ कमी पडले तर अगदी चिमूटभर यीस्ट पाण्यात कालवून द्यावे. पाणी किंचित धुरकट होऊन एका दिवसात पुन्हा निवळले पाहिजे, तसे झाले नाही तर आपण जास्त घातले आहे. हवा सावकाश, मोठ्या बुडबुड्यांची द्यावी, कारण बारीक बुडबुडे कवचाखाली अडकून जीव वर तरंगत राहतो. वसाहत दाटली की दर एक-दोन दिवसांनी पाव भाग काढून वापरावी. ती लालसर दिसू लागली तर प्राणवायू कमी पडतो आहे असे समजावे. मोइनाच्या वसाहती कधी कधी कारण न कळता रातोरात संपतात, म्हणून दोन भांडी असावीत, आणि दोन्हींवर दाट जाळीचे कापड ताणून बांधावे, म्हणजे डास त्यात अंडी घालणार नाहीत.

या जीवाचा आणखी एक उपयोग आहे, तो आपल्याला विशेष कामाचा ठरेल. पाणपिसू क्लोरीनला आणि तांब्यासारख्या धातूंना अतिशय नाजूक असते, आणि पाण्यातली विषद्रव्ये तपासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत डॅफ्निया वापरतात. टाकीत भरण्यासाठी ठेवलेल्या पाण्याचा पेलाभर नमुना घेऊन त्यात दहा-बारा मोइना सोडा. काही तासांनी त्या नेहमीसारख्या उड्या घेत पोहत असतील तर क्लोरीन गेला असे मानायला हरकत नाही. यामुळे अमोनियाच्या चाचणीची गरज संपत नाही, ती स्वतंत्रपणे करावीच. मोइनाचे बीज नेहमी एखाद्याच्या स्वच्छ वसाहतीतून घ्यावे. मासे असलेल्या तळ्यातून जाळीने आणल्यास तिच्याबरोबर हायड्रा, चतुराच्या अळ्या आणि माशांना चिकटणाऱ्या पाणउवा घरात येतात.

खाद्याचे प्रमाण हा शेवटी पाण्याचाच प्रश्न आहे. मोठ्या माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावे. त्यांना जिवंत खाद्य आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, इतर दिवशी चांगले कोरडे खाद्य द्यावे आणि एक दिवस उपास घडवावा. मॉलींना वनस्पतिजन्य आहार लागतो, त्यामुळे शेवाळयुक्त कोरडे खाद्य किंवा उकडून मऊ केलेला पालेभाजीचा तुकडा त्यांना जरूर द्यावा आणि उरलेला तासाभरात काढून टाकावा. पिल्लांना उपास नको. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे, आणि त्यांच्यासाठी 15-20 लिटरचे वेगळे भांडे करून त्यात मुख्य टाकीत पक्व झालेला छोटा स्पंज फिल्टर लावावा. मुख्य टाकी अजून पक्व नसल्यामुळे तूर्त पिल्लांच्या भांड्यातले पाणीही रोज थोडे थोडे बदलावे लागेल. ते ठेवायला जागा नसेल तर जावा मॉससारखी दाट वनस्पती मुख्य टाकीत भरपूर लावावी, म्हणजे पिल्लांना लपायला जागा राहील.

गोल्डफिशांविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. ते गप्पींपेक्षा थंड पाण्यात सुखी असतात, त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक घाण करतात, 15 सेंटिमीटरच्या पुढे वाढतात आणि तोंडात मावेल ते पिल्लू खातात. त्यांना मोठ्या टाकीत हलवता आले तर आपल्या टाकीतला अमोनियाचा मोठा भार लगेच कमी होईल. तोवर नवा एकही मासा आणू नये.

पुढचे चार आठवडे वहीत तारखेवार अमोनिया, नायट्राइट, सामू आणि तापमान लिहून ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आले की रोजचे पाणी बदलणे थांबवून आठवड्याच्या क्रमावर या. त्यानंतरही मासे वर येऊन तोंड उघडत असतील किंवा कोणाचे पर मिटलेले दिसत असतील, तर ते आकडे, आपल्याकडे क्लोरीन आहे की क्लोरामाइन ही माहिती आणि लक्षणांचे वर्णन यांसह पुन्हा लिहावे. तेव्हा रोगाचा विचार करता येईल.